बावीस दारं, एक ओसरी

२७ मे, कुचिंग

क्वालालंपूरला पासपोर्टवर शिक्का बसला होता, तरी कुचिंगला उतरल्यावर पुन्हा रांग आणि पुन्हा शिक्का. देश एकच, पण १९६३मध्ये मलेशियात सामील होताना आपल्या दारात कोण येतं-जातं हे बघायचा हक्क बोर्निओ बेटावरच्या या सारावाक राज्याने स्वतःकडे ठेवला. मावसभाऊ बाहेर उभा होता. दोन वर्षं तो इथे नोकरीला आहे आणि वर्षभर माझ्या मागे लागला होता. "ताई, पिसांचे टोप घालून नाचणारे दायक बघायचे असतील तर कधीही ये. घरातले बघायचे असतील तर मेच्या शेवटी ये." एक जूनला गवाई. भात घरात आल्यानंतरचा सण. नोकरीसाठी बाहेर पडलेली माणसं तेव्हा गावाला आलेली असतात, गणपतीत कोकण भरतं तसं.

दुपारी बोर्निओ कल्चर्स म्युझियम. २०२२ला उघडलेली पाच मजली इमारत आहे, आणि १८९१चं मूळ संग्रहालय जवळच. तिथे पहिली दुरुस्ती झाली ती माझ्या शब्दाची. दायक हे कुठल्या एका जमातीचं नाव नाही. बोर्निओच्या आतल्या भागात, नद्यांच्या काठांनी राहणाऱ्या अनेक मूळ समाजांची बाहेरच्यांनी बांधलेली ती मोट आहे. सारावाकमध्ये इबान, बिदायुह आणि नद्यांच्या वरच्या अंगाला राहणारे केनयाह, कायान, केलाबित. सीमेपलीकडे इंडोनेशियाच्या कालिमंतानमध्ये न्गाजू, मान्यान आणि आणखी कितीतरी. १८४१मध्ये जेम्स ब्रूक नावाचा एक इंग्रज इथला राजा झाला आणि त्याच्या घराण्याने १९४६पर्यंत राज्य केलं. त्या काळात इबानांना 'समुद्री दायक' हे नाव चिकटलं, कारण त्यांच्या युद्धहोड्या समुद्रापर्यंत धाडी घालत. मुळात माणसं डोंगरउतारावर भात पिकवणारी.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले तर अर्ध्या तासात विचारणा, "ते लोक हिंदू आहेत म्हणे?" हे कुठून येतं ते मला ठाऊक होतं. कालिमंतानमधल्या न्गाजूंचा काहारिंगान हा जुना धर्म इंडोनेशियाने १९८०मध्ये हिंदू धर्माच्या खात्यात घातला, कारण तेव्हा तिथे सरकारमान्य धर्मांच्या यादीत बसल्याशिवाय माणूस कागदोपत्री अडायचा. मेलेल्यांच्या अस्थी पुन्हा काढून सांडुंग नावाच्या छोट्या कोरीव घरात ठेवायचा त्यांचा तिवाह विधी आपल्या कुठल्या पोथीत सापडायचा नाही. आणि मी निघाले होते ते इबानांकडे, ज्यांच्यातले बरेच जण आता ख्रिस्ती आहेत. एवढं सगळं टाइप केलं. खाली दोन हात जोडलेले आले आणि एक गुड नाइट.

२८ मे, अन्ना राईस

कुचिंगपासून साधारण साठ किलोमीटरवर बिदायुहांचं हे जुनं लाँगहाउस, म्हणजे एका छपराखाली ओळीने अनेक घरं असलेली लांब इमारत. तिकीट काढायचं, स्वागताचा घोट प्यायचा आणि फिरायचं. पायाखाली सगळा बांबू. फोडून सपाट केलेल्या बांबूंचं भलंमोठं अंगण, जमिनीपासून पुरुषभर उंच. चाललं की करकरतं आणि किंचित झुलतं. त्यावर मिरी वाळत घातलेली. मलेशियातली जवळजवळ सगळी मिरी सारावाकमध्ये पिकते. हिरवे घोस तोडून उन्हात टाकले की काळी मिरी. पिकलेले दाणे पोत्यात भरून वाहत्या पाण्यात भिजत ठेवले आणि साल चोळून काढली की पांढरी. म्हणजे घरचं पाणी जितकं वाहतं, तितकी मिरी पांढरी.

शिरघरात कवट्या आहेत, जाळीमागे. सगळे पर्यटक तिथे थांबतात, मीही थांबले. मुंडकी कापून आणण्याची प्रथा ब्रूक राजांनी बंद पाडायला घेतली. तिकडे डच बोर्निओत (आजच्या कालिमंतानमध्ये) १८९४मध्ये तुंबांग अनोई इथे अनेक दायक समाज कित्येक आठवडे एकत्र बसले आणि शिरकाण, वैर, गुलामी थांबवायचं ठरवलं. कवट्यांकडे बघून जे वाटायचं ते वाटलं. पण लक्षात राहिली ती शेजारच्या दारातली बाई. उंबऱ्यावर बसून ती मोबाइलवर मालिका बघत होती, हाताने मात्र वेताची विणकाम-पट्टी सोलत होती. नजर पडद्यावरून हलली नाही आणि पट्टीची जाडीही बदलली नाही.

२९ मे, बातांग आईकडे

भल्या पहाटे निघालो. सोबत आमचा वाटाड्या, वय पंचेचाळिशीचं, लुबोक अंतू भागातला इबान. भाऊ त्याला 'बांग' म्हणतो, मलायमध्ये दादा; मीही तेच म्हणू लागले. रस्त्यात सेरियनचा बाजार (चौकात ड्युरियन फळाचा पुतळा, म्हणजे वासाचा अंदाज यावा), मग लाचाऊला नाश्ता. श्री अमानचा फाटा मागे टाकला. हे गाव पूर्वी सिमांगगांग होतं. १९७३मध्ये इथे सरकार आणि कम्युनिस्ट बंडखोर यांच्यात समझोता झाला आणि गावाचं नावच शांततेवर ठेवलं. लुबोक अंतूचा अर्थ विचारला तर बांग म्हणाला, "लुबोक म्हणजे नदीतली खोल जागा, अंतू म्हणजे भूत." भुताचा डोह. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात असा एक असतो.

पुढे बातांग आई नदीवरचं धरण. १९८५ला पुरं झालेलं. धक्क्यावर लांबट, चिंचोळी होडी उभी होती. मागे इंजिन, पुढे बांबूचा दांडा घेतलेला पोरगा. त्याच्या दोन्ही खांद्यांच्या खड्ड्यांवर वांग्याचं फूल गोंदलेलं, बुंगाई तरुंग. मधोमध एक वेटोळं असतं, त्याला म्हणतात जीवाची दोरी. पहिल्यांदा घर सोडून बाहेर पडताना मुलगा हे गोंदवून घेई. या बाहेर पडण्यालाही त्यांच्यात नाव आहे, बजालाई. चालायला जाणं. पूर्वी पोरं महिनोन्महिने, वर्षानुवर्षं भटकत आणि येताना चिनी रांजण नाहीतर घंटा आणत. आता जोहोरला, सिंगापूरच्या गोदीत किंवा तेलाच्या फलाटांवर जातात. या पोराने काय आणलं? "इंजिन," तो म्हणाला, आणि मागे अंगठा दाखवला.

जलाशयातून तासभर गेलो. पाण्यातून बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे वर आलेले. एकावर ब्राह्मणी घार बसली होती, तीच पांढऱ्या छातीची, तांबूस पंखांची, जिला आपल्याकडे गरुडाचा मान देतात. बांगने हनुवटीने दाखवली, बोटाने नाही. इबानांचा युद्धदेव सिंगालांग बुरुंग याच पक्ष्याच्या रूपात फिरतो, त्याच्याकडे बोट करायचं नसतं.

मग नदी सुरू झाली, पाणी उथळ झालं, पुढचा पोरगा दांड्याने तळ ढकलत राहिला आणि वळणावर लाँगहाउस दिसलं. खांबांवर उभं, पत्र्याच्या छपराचं, लांबच लांब. किती मोठं हे सांगताना कोणी मीटर सांगत नाही, दारं सांगतं. हे बावीस दारांचं.

वर चढलो. बांगच्या आईने वेताची चटई उलगडली आणि कॉफी पुढे केली. सगळी पोरं तिला इनी म्हणतात, म्हणजे आजी. आम्हीही इनीच म्हणायचं ठरलं. मला ॲसिडिटी झाली होती. मी आपल्या पद्धतीने हात जोडून, हसून, "नको, आत्ताच घेतली" असं सांगून टाकलं. इनी काही बोलली नाही. तिने कप माझ्यापुढे अर्धा मिनिट तसाच धरून ठेवला आणि मग मागे घेतला.

अर्ध्या तासाने नदीवर हातपाय धुवायला उतरताना ओंडक्याच्या पायरीवरून पाय सटकला. एकाच ओंडक्यात खाचा पाडून केलेली ती शिडी, शेवाळलेली. घोटा तिथल्या तिथे सुजला.

मला वर आणून बसवलं तेव्हा इनीने पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दल नाहीच. बांगने भाषांतर करताना हसू दाबलं. "ती विचारते, कॉफीला हात तरी लावला होतास का?" दिलेल्या खाण्यापिण्याला नुसतं नाही म्हटलं की पुनी लागतं, म्हणजे काहीतरी अपघात ओढवतो. नको असेल तर नको. पण बोट टेकवायचं, ते ओठाला लावायचं, झालं. याला पालित म्हणतात. आलं ठेचून घोट्यावर बांधता बांधता तिने कॉफीचा कप पुन्हा पुढे केला. मी बोट टेकवलं, ओठाला लावलं आणि मग सगळी प्यायलेही. ॲसिडिटी गेली तेल लावत.

३० मे, ओसरी

आज धबधब्यावर जायचं होतं. भाऊ आणि बांग गेले. मी दिवसभर रुआईवर बसून, पाय उशीवर. आता मागे वळून बघते तर धबधब्याचे फोटो मी एकदाही उघडले नाहीत.

रुआई म्हणजे ओसरी. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मध्ये भिंत नाही, आणि एका बाजूला बावीस दारं ओळीने. प्रत्येक दारामागे एका कुटुंबाचं घर, बिलेक. वर माळा, सादाऊ, तिथे भाताची कोठारं आणि टोपल्या. ओसरीच्या बाहेरच्या अंगाला उघडं अंगण, तांजू, वाळवणासाठी. दारांना लागून एक पट्टा येण्याजाण्याचा. बसणाऱ्याने त्यावर बसायचं नाही, चालणाऱ्याने चटईवरून जायचं नाही. सांगत कोणी नाही. दोनदा चुकलं की कळतं.

माझी समजूत अशी होती की लाँगहाउस म्हणजे भलंमोठं एकत्र कुटुंब. एक चूल, एक कर्ता, सगळं सामाईक. साफ चूक. प्रत्येक दाराचं शेत वेगळं, भात वेगळा, चूल वेगळी, देणी वेगळी. तुआई रुमाह म्हणजे घराचा मुखिया असतो, पण तो भांडणं मिटवतो. कोणाच्या कोठारात हात घालत नाही. आणि खरी गंमत ओसरीची. ती सुद्धा सामाईक नाही! आपल्या दारासमोरचा तुकडा त्या त्या घराने बांधायचा, फळ्या सडल्या तर त्याच घराने बदलायच्या. सकाळच्या उन्हात ते स्पष्ट दिसत होतं. इनीच्या दारासमोर जुन्या बेलियानच्या फळ्या, काळ्या आणि घोटून गुळगुळीत झालेल्या (हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं). शेजारी नव्या पिवळ्या फळ्या. त्यापुढे कोणीतरी सिंगापूरच्या पैशांनी चकचकीत लिनोलियम घातलेलं. मालकी बावीस जणांची, पण चालायला सगळ्यांना एकच. कोंबडीचं पिल्लू, कुत्रं, तीनचाकी सायकलवरचा पोरगा, मी, सगळे त्या बावीस मालकांच्या जमिनीवरून विनापरवाना ये-जा करत होतो.

दुसरी गोष्ट ऐकून मी वहीच उघडली. एका बिलेकमध्ये लग्नानंतर एकच मूल राहतं आणि ते घर पुढे चालवतं. मुलगा की मुलगी, हे ठरलेलं नसतं. मुलगी राहिली तर जावई इकडे येतो. डावीकडच्या तिसऱ्या दारात तसाच जावई होता. तो दुपारभर भाताच्या टोपलीचा तळ शिवत बसला होता आणि सासू त्याला टाके मोजून दाखवत होती. आमच्याकडे घरजावई हा शब्द आवाज खाली करून उच्चारतात, असं बांगला सांगितलं असतं तर त्याला कळलंही नसतं.

इनी सकाळपासून माझ्या शेजारी, चौकटीवर ताणलेल्या धाग्यांसमोर. पुआ कुम्बूचं काम. ही इबान बायकांची सुती चादर. पण विणायच्या आधीच ताण्याचे धागे बांधून रंगवायचे आणि नक्षी धाग्यातच उतरवायची. बांधण्याला म्हणतात कबात. पूर्वी लेंबा नावाच्या पानाच्या चिंध्यांनी बांधत, इनी वापरते ती प्लॅस्टिकची सुतळी सोलून केलेली बारीक फीत. चार-पाच धागे नखाने उचलायचे, फितीचे तीन वेढे, गाठ, उरलेलं टोक दाताने तोडायचं. जिथे बांधलं तिथे रंग शिरणार नाही. तासात वीतभर ओळ झाली नव्हती. तिच्यासमोर कागद नाही, नमुना नाही. मी विचारलं, नक्षी कुठे आहे? तिने आधी कपाळाला हात लावला, मग झोपल्याची खूण केली. मोठ्या नक्षी स्वप्नात येतात आणि त्या वयाच्या, अनुभवाच्या आधी विणायला घेतल्या तर विणणारीला झेपत नाहीत, असं मानतात. तिचा अंगठा आणि तर्जनी, दोन्हींच्या आतल्या बाजूला फितीने पडलेली खोल चीर आहे. मी बोट फिरवून पाहिलं; सुपारीच्या सालीसारखं कडक.

लाल रंग एंगकुडूच्या मुळांचा. फोटो बघून ओळख पटली, ही आपली बारतोंडी! याच कुळातल्या झाडाच्या मुळ्यांपासून आपल्याकडे आलचा लाल रंग निघत असे. पण रंग धरायच्या आधी सूत मीठ, आलं आणि तेलांच्या मिश्रणात मुरवावं लागतं. त्या न्गार विधीला 'कायाऊ इंदू' म्हणत, बायकांची लढाई. पुरुष मुंडकं घेऊन आले की ते याच पुआवर झेलून घ्यायचं. म्हणून ते कापड विणणारी कशातच कमी नव्हती. लढाई थांबली, पुआ राहिला. तान्ह्याला गुंडाळायला, आजाऱ्याभोवती आडोसा करायला, मढं ठेवतात तिथे टांगायला तोच.

मधेच एक पक्षी ओरडला. इनीचा हात थांबला. "नेंदाक," ती म्हणाली आणि पुन्हा गाठ मारायला लागली. हा शामा, पांढऱ्या कमरेचा. सिंगालांग बुरुंगचे जावई आणि नातलग मानले जाणारे सात पक्षी आहेत. शेत निवडताना, प्रवासाला निघताना त्यांचा आवाज कुठल्या हाताला येतो हे बघत. तू अजून बघतेस? इनी म्हणाली, ती रविवारी प्रार्थनेला जाते. आणि मग थोड्या वेळाने: "पण ऐकू तर येतंच ना."

संध्याकाळी तिने विचारलं की माझं गाव नदीवर आहे का. मी सांगितलं, आईचं माहेर नदीवर होतं, कोयनेवर. आता धरणाच्या पाण्याखाली आहे. बांगने भाषांतर करायच्या आधीच 'कोयना' सोडून बाकीचं तिला हातवाऱ्यांवरून कळलं होतं. तिने तोंडाने होडी आली त्या दिशेला खूण केली. तिचं माहेरही त्या वाळक्या शेंड्यांच्या खाली. बातांग आई धरणात सव्वीस लाँगहाउस गेली, सुमारे तीन हजार माणसं उठवली. आमच्या आजीच्या गावाचं पुनर्वसन झालं तेव्हा भावकी फुटली. कोणी सोलापूरकडे, कोणी ठाण्या-रायगडात. आजी मरेपर्यंत जमिनीबद्दल कमी बोलली आणि शेजारणीबद्दल जास्त. मी इनीला विचारलं, तुमच्या माहेरचे कुठे गेले?

सरकारने दिलेल्या जागी, ती म्हणाली. शेत लहान, डोंगर परका, पैसे उडून गेले. तक्रार लांबलचक होती. पण नवं घर बांधताना तिचे भाऊ भांडले ते एका गोष्टीवरून: दारांचा क्रम. जुन्या घरात ज्याच्या डाव्या अंगाला जो होता, नव्यातही तोच हवा. एक दार आधीच शहरात निघून गेलं होतं. त्याच्या जागी काय करायचं यावर सात रात्री बैठक चालली. शेवटी? शेवटी तिथे दोन खांब रोवले आणि जागा मोकळी सोडली. "तिथून वारा चांगला येतो," इनी म्हणाली.

३१ मे, गवाईची रात्र

सकाळपासून होड्या. प्रत्येक होडीतून एक टीव्हीएवढं खोकं, दोन पोरं आणि एक सून. ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही. बांबूत शिजवायचं काम पुरुषांकडे: हिरव्या बांबूचा पेर, त्यात कोंबडीचे तुकडे, आलं, गवती चहाच्या कांड्या, मीठ, तोंडाशी टॅपिओकाच्या पाल्याचा बोळा. हा पानसुह. नळ्या विस्तवाला टेकवून उभ्या करायच्या आणि फिरवत राहायचं. बांबू बाहेरून काळा झाला की आतून रस्सा फसफसतो. चव? कोंबडीला पावसात भिजलेल्या बांबूच्या बनाचा वास येतो, एवढंच सांगता येतं. सोबत आंबटसर दायक वांग्याचं पातळ कालवण आणि मिदिन नावाचं कोवळं नेचं लसणावर परतलेलं; ते मात्र मी रोज जेवले असते.

तुआक आधीच तयार होता. चिकट भात शिजवून, गार करून, त्यावर रागीच्या गोळ्यांची पूड भुरभुरायची आणि रांजणात झाकून ठेवायचा. रागी म्हणजे आपली नाचणी नव्हे, हे विरजण. इनीने सांगितलं, तुआक करताना घरात भांडायचं नाही, आंबट होतो. यंदाचा गोड होता. शेजारच्या दाराचा किंचित आंबट. सगळ्यांनी चाखला आणि कोणी काही बोललं नाही, फार मोठ्याने.

दिवस कलताना पोरांनी एक सूप ओढत आणलं, दोरी बांधलेलं. मुआई अंतू रुआ. एका टोकापासून सुरुवात. प्रत्येक दारातून काहीतरी नको असलेलं त्यात टाकायचं. फाटकी चप्पल, तुटका चमचा, एका घराने रिमोट. हाव आणि नासधूस करणारं भूत त्या सुपात बसतं म्हणतात. बावीस दारं झाली की सूप घराच्या टोकाशी नेऊन टाकून द्यायचं. मी घोट्यावरची आल्याची पट्टी टाकली. पोरं खूश झाली, त्यांच्याकडे असं काही आलं नव्हतं.

मग आधी प्रार्थना, ख्रिस्ती, सगळे उभे. त्यानंतर मिरिंग. एका म्हाताऱ्या आजोबांनी पुआ पसरून त्यावर बशा मांडल्या, विषम संख्येतच. भात, लाह्या, अंडी, विडा-सुपारी, तुआक. लाह्या बघून मला एकदम घरचं वाटलं. कोंबडा सगळ्यांच्या डोक्यावरून ओवाळला. देवांना हाक घातली ती 'पेतारा' म्हणून. हा शब्द जाणकार संस्कृतातल्या भट्टाराशी जोडतात. दोन विधींमध्ये कोणाला विरोध दिसत नव्हता. प्रार्थना घेणारे गृहस्थच बशा पुढे सरकवत होते.

मध्यरात्रीच्या आधी मिरवणूक. घंटा, थाळ्यांसारखी घुमणारी तावाक, ओळीत मांडलेल्या लहान घंटांवर दोन बायका. देवांना घरात आणायचं म्हणून सगळे ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. कोणाच्या डोक्यावर धनेशाची पिसं, कोणाच्या अंगावर फुटबॉल क्लबचा टी-शर्ट, आणि इनी, पंच्याहत्तरीची, कमरेला चांदीच्या नाण्यांचा पट्टा, चालताना छनछन. मी काठीवर. बाराला कोणीतरी ओरडलं, "गायू गुरू, गेराई न्यामाई!" उदंड आयुष्य, आरोग्य, सुख. पाठोपाठ बावीस दारांतून "ऊऽऽ हा!" माझ्या ग्लासात पुन्हा तुआक. बोट टेकवायची सवय लागली होती, पण आज पालितवर भागलं नाही.

१ जून

आज न्गाबांग, म्हणजे घरोघरी भेटी. आम्ही तीन दारांत जाऊन यावं असा बेत भावाने सुचवला. बांगचा चेहरा पडला. एका दारात गेलं की सगळ्या दारांत जायचं असतं. एक वगळलं तर ते कुटुंब वर्षभर लक्षात ठेवतं. म्हणून सकाळी सातला सुरुवात केली. प्रत्येक दारात चटई, तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड चकत्या, जाळीदार कुरकुरीत कुई जाला, बिस्किटांचे डबे, पानसुह आणि तुआक. आत प्रत्येक बिलेक वेगळं. कुठे दोनशे वर्षं जुना म्हणून दाखवलेला ड्रॅगनचा चिनी रांजण, कुठे मुलीची पदवीदान समारंभाची फ्रेम, कुठे दोन्ही शेजारी शेजारी. एका माळ्यावर वेगळी ठेवलेली भाताची पेंढी दाखवली. पादी पुन, घराण्याचं बी. ते विकत नाहीत, उसनंही देत नाहीत. पावसाआधी उतार जाळून मोकळा करतात, पुरुष काठीने भोकं पाडत पुढे जातात आणि बायका मागून दाणे टाकतात, आपली टोकणणी. त्या शेतात पहिलं हे बी पडतं. हातावर दोन दाणे घेऊ दिले, पण मूठ मिटू दिली नाही.

नवव्या दारानंतर मी चाखायचं थांबवलं आणि बोटावर आले. तेराव्यात एका आजोबांनी विचारलं की भारतातले लोक नेहमी असंच बोटाने जेवतात का. सतराव्या दारात, संध्याकाळी पाचच्या सुमारास, माझा घोटा परत फुगला आणि भाऊ चटईवर आडवा झाला तो उठेना.

२ जून

धुकं होतं. होडी धक्क्याला लावलेली. इनीने केळीच्या पानात बांधलेला भात दिला. पुआचा तुकडा विकत मागण्याचा विचार रात्रभर मनात घोळवला होता, सकाळी तो मीच गिळून टाकला. ओंडक्याच्या शिडीवर यावेळी कोणीतरी राख टाकून ठेवली होती.

होडीत बसल्यावर ती वरून काही तरी ओरडली. बांग इंजिनाची दोरी ओढत होता, त्याने ऐकलं आणि हसला.

"ती म्हणते, पाच दारं राहिली तुझी. अठरापासून सुरू कर."